एलोडी आधी लग्न करते, मग शाळेत जाते

वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडे नुसती पुस्तकं परत येत नाहीत. प्रत्येक पुस्तकाबरोबर मेंबर काहीतरी बोलून जातो. कोणी लेखकाला शिव्या घालतो, कोणी त्याच्या तब्येतीची चौकशी करतो, कोणी "शेवट बदलून मिळेल का?" विचारतो. पुस्तक कपाटात जातं आणि बोलणं माझ्याकडे राहतं. बँकेतून रिटायर झाल्यावर मी नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात संध्याकाळी बसायला लागले. तेव्हापासून इतकं साठलंय, की जेवताना मी सुरुवात केली की आमचे हे म्हणतात, "आधी आमटी वाढ, मग फ्रान्स!"

आता फ्रान्स कुठून आलं ते सांगते.

आमच्याकडे एका फ्रेंच बाईंच्या चार कादंबऱ्यांचा जुना मराठी अनुवाद आहे. एलोडी नावाच्या मुलीची गोष्ट, तिच्याच तोंडून. आई नसलेली, लहान गावात बाबांनी वाढवलेली पोरगी. एका भागात तिची शाळा, एकात पॅरिस, एकात लग्न आणि एकात ती नवऱ्याला सोडून घरी येते. या सेटची कव्हरं आणि सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली, म्हणून चारही भाग कल्याणच्या एका बाइंडरकडे दिले. त्याने बांधणी अशी भक्कम केली की पुस्तक फेकून मारलं तर माणूस आडवा होईल! पण नंबर टाकताना गठ्ठ्यात जे वर होतं त्याला त्याने एक नंबर दिला, त्याच्या खालच्याला दोन. अशा रीतीने लग्नाचा भाग झाला पहिला, नवऱ्याला सोडण्याचा दुसरा, शाळेचा तिसरा आणि पॅरिसचा चौथा.

हे आम्हाला कळलं अगदी आत्ता. तोवर आमच्या तमाम मेंबरांनी एलोडीचं आयुष्य त्याच क्रमाने वाचलं. एकानेही तक्रार केली नाही! मीही वाचलं, आणि काय बाई लिहिते म्हणून भारावून गेले.

खरं तर आमचाही दोष नाही. दोन नंबरच्या शेवटच्या पानावर एलोडी बाबांच्या फाटकाची कडी काढते. आणि तीन नंबरची पहिली पानं वाळवीने खाल्ल्यामुळे तो भाग थेट बाबांच्या स्वयंपाकघरातच सुरू होतो. एलोडी कॉफी पितेय आणि शाळेला उशीर झाला म्हणून बाबा ओरडतायत. सांधा दिसतच नाही! त्यात ती वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, बाकाखाली तिचे गुडघे मावत नाहीत. वय लिहिलेलं पान वाळवीच्या पोटात. मग वाचणाऱ्याने काय समजायचं?

*

कारखानीस काकूंपासून सुरू करते, कारण त्या सत्याच्या अगदी जवळ पोचल्या होत्या.

काकूंना कुत्र्यांचा फार लळा. एलोडीचं बिजू नावाचं कुत्रं पहिल्या म्हणजे लग्नाच्या भागात म्हातारं होऊन मरतं. काकू पुस्तक परत करताना डोळे पुसत होत्या. "नवऱ्याचं काय व्हायचं ते होवो, पण बिजू गेला हो," म्हणाल्या.

पुढे शाळेच्या भागात बिजू आहे. नुसता आहे नाही, पिल्लू आहे, आणि मास्तरणीचे बूट चावतोय! मी काकूंची वाट बघत होते. मलाही ते खटकलं होतं, पण विचारणार कोणाला? काकू आल्या. पुस्तक ठेवलं. चेहरा प्रसन्न.

"काकू, बिजू परत कसा आला?"

"अगं, दुसरं पिल्लू आणलंन तिने. नाव तेच ठेवलं. आमच्याकडे नाही का, हा तिसरा मोती!"

झालं. माझीही शंका फिटली!

*

टिटवाळ्याहून एक मानसी नावाची बाई येते. तिची मुलगी आठवीत. मानसीचा नियम असा की मुलीला कुठलंही पुस्तक द्यायचं तर आधी आईने चाळायचं. तिने पहिले दोन भाग चाळले आणि मला हळू आवाजात म्हणाली, "हे दोन तिला देऊ नका हं. लग्न-बिग्न, घर सोडणं, या वयात नको. तो शाळेचा आहे ना तिसरा, तो द्या. तो मी न चाळताच नेते."

आता ज्यांनी तिसरा भाग वाचलाय त्यांना माहितेय की अख्ख्या सेटमधला तोच सगळ्यांत वांड! पोरी परीक्षेत कॉप्या करतात, मास्तरणीच्या सूपच्या वाटीत शाई ओततात, रात्री खिडकीतून उतरून जत्रेला जातात आणि एकमेकींना प्रेमपत्रं लिहून देतात. मी तोंड उघडलं होतं, पण मानसीची घाई. टिटवाळ्याची गाडी चुकली की पुढची कधी, याचा भरवसा नसतो.

पुढच्या आठवड्यात मुलगी स्वतः आली. डोळे नुसते चमकत होते. "आंटी, असलं अजून काही आहे?"

मागून मानसी. "शाळेचं म्हणून दिलं हो मी!"

"आणि आई, ते लग्नाचे दोन पण मी वाचले," मुलगी म्हणाली, "तू कपाटात ठेवलेले. एकदम बोअर आहेत!"

*

सुषमा आमच्याकडे आली ती तिच्या बाबांमुळे. दत्तूकाका कोपरीला राहतात. घर कोळ्यांचं, पण काकांची नोकरी कंपनीत झाली. दहावी होताच सुषमाचं लग्न करून दिलं वसईला. नवऱ्याचा हात चालायचा. बरीच वर्षं सोसून, पस्तिशीला टेकल्यावर, ती एक दिवस बॅग घेऊन कोपरीला परत आली आणि घराबाहेर पडेना. तेव्हा काका आमच्याकडे मेंबर झाले. "काय देऊ?" म्हटलं, तर म्हणाले, "बायांचा कायतरी द्या." मी एलोडीचा एक नंबर दिला.

काका दोन नंबर न्यायला आले. मी सहज विचारलं, आवडलं का?

"मना त्यातला काय कलत नाय. पन पोर वाचताना हसते. म्हनून अजून द्या."

तीन नंबर न्यायला मात्र सुषमा स्वतः आली आणि परत करायला आली ती पुस्तक छातीशी धरून. "ताई, ही परत शाळेत गेली!"

"हो ना," मी म्हटलं.

"एवढी मोठी होऊन! पोरी हसतात, गुडघे मावत नाहीत, तरी बसते. लाज नाही वाटत तिला."

आमच्या वाचनालयात एलोडीच्या शाळेत जाण्याचं आश्चर्य सगळ्यांनाच वाटलेलं, पण असं कोणी सांगितलं नव्हतं. आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा आली आणि म्हणाली, "ताई, मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून बारावी देतेय. गाईड मिळतील का तुमच्याकडे?"

गाईडं आम्ही ठेवत नाही. पण त्या संध्याकाळी मी कारखानीस काकूंच्या नातवाची सगळी गाईडं उचलून आणली. मला इतका आनंद झाला होता की आमटी करपली.

*

फडके सर डोंबिवलीचे. कॉलेजात मराठी शिकवायचे, आता भाषणं देतात. चारही भाग वाचून ते एवढे थक्क झाले की डोंबिवलीच्या एका महिला मंडळात त्यांनी या कादंबऱ्यांवर व्याख्यानच ठेवलं. विषय, 'काळाची उलटी पावलं'. मी मुद्दाम गेलेले.

सर म्हणाले, "सामान्य लेखक माणसाला लहानाचं मोठं करतो. ही बाई मोठ्याचं लहान करते! एलोडीची शाळेतली ही उंची साधी नाही. ते अनुभवाचं ओझं आहे!"

टाळ्या. मग प्रश्नोत्तरं. एक आजी उठल्या. "पण लग्न झालेल्या बाईला शाळेत घेतलं कसं?"

"ती शाळा प्रतीक आहे, आजी."

"असं का. मग तो भूगोलाचा गृहपाठ?"

"तोही प्रतीकच."

आजी बसल्या, पण समाधान झालं नसावं. शेजारणीला म्हणाल्या, "मग छड्या कशाला मारल्या गं तिला?"

*

सगळ्यांत मोठं भांडण लागलं ते जोशी काका-काकूंचं. नौपाड्यातच राहतात, आमच्यापासून दोन बिल्डिंगा सोडून. एकाच कार्डावर दोघं वाचतात. आधी काकू, मग काका.

चौथ्या म्हणजे पॅरिसच्या भागात एलोडीला एक दाढीवाला गृहस्थ भेटतो. नाव एतियेन. आता पहिल्या भागातल्या तिच्या नवऱ्याचं नावही एतियेन आणि दाढीही तीच. अर्थात! तोच तो, लग्नाआधीचा. पण आमच्या क्रमाने वाचणाऱ्याला काय दिसणार? नवऱ्याला सोडलं, शाळा शिकली, पॅरिसला गेली आणि पुन्हा त्याच्याच प्रेमात पडली!

काका खूश. "शेवट गोड केलाय. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. शेवटी जुळलं ना!"

काकू काउंटरवर पुस्तक आपटून म्हणाल्या, "एवढं शिकून-सवरून परत त्याच्याच दारात? वर्षा, ही फ्रेंच बाई मला भेटायला हवी होती!"

"अगं, सुधारला असेल तो."

"कुठल्या पानावर सुधारला ते दाखव!"

काकांनी पुस्तक पुन्हा नावावर घेतलं. सुधारल्याचं पान शोधायला! पंधरा दिवस ठेवलं, मुदत वाढवून घेतली, मग गुपचूप आणून दिलं. मी विचारलं, "सापडलं का काका?"

"प्रिंटिंगला राहिलं असेल," काका म्हणाले.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण काकू जे तावातावाने बोलत होत्या ते कपाटापाशी उभ्या असलेल्या सुषमाने ऐकलं. चौथा भाग तिने परीक्षेनंतर वाचायचा म्हणून ठेवला होता.

काकू गेल्यावर ती माझ्याकडे आली. "खरं का ताई? जाते ती परत त्याच्याकडे?"

"तू स्वतः वाच ना," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? मलाही तसंच वाटत होतं.

"नको. वाचलं तर मी पण जाईन असं वाटतंय."

मग तिने सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. दिराचं लग्न निघालं होतं. नणंद दर रविवारी कोपरीला येऊन बसत होती. घरात मोठी सून हवी, लोक काय म्हणतील, तो आता पीत नाही, एकदा ये, मग तुझं तू ठरव. आणि हळद नेमकी परीक्षेच्या आठवड्यात. सुषमाला पक्कं माहीत होतं की एकदा वसईला गेलं की बारावीही गेली आणि परत येणंही गेलं. आई म्हणत होती जा, आत्या म्हणत होती जा. दत्तूकाका गप्प होते.

"सगळी म्हणतात, किती दिवस माहेरी राहशील. मी मनात म्हणायचे, एलोडी राहिली ना! शिकली ना! आता तीच गेली म्हणताय तर मी कोणाचं नाव घेऊ?"

एवढं बोलून ती गेली. मला त्या फ्रेंच बाईंचा एवढा राग आला की मी चारही भाग सगळ्यांत वरच्या फळीवर टाकून दिले.

*

आणि मग ते खोकं आलं.

डोंबिवलीच्या एका बाईने वडिलांच्या पश्चात त्यांची पुस्तकं आम्हाला दिली. खोकं उघडलं तर त्यात एलोडीचा अख्खा सेट. वाळवी नाही, कव्हरं शाबूत. मी कौतुकाने पहिला भाग उचलला आणि त्यावर लिहिलेलं, 'भाग पहिला: शाळा'. आत पहिलंच वाक्य, मी पंधरा वर्षांची आहे आणि माझ्या वर्गात सगळ्यांत उंच.

मी भराभर बाकीचे भाग काढले. पॅरिस दुसरा, लग्न तिसरा. चौथ्याचं शेवटचं पान उघडलं, तर एलोडी बाबांच्या फाटकाची कडी काढतेय. संपलं.

सगळ्यांना बोलावलं. चहा मागवला. अशी बातमी कोरड्या तोंडाने देता येत नाही.

फडके सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता व्याख्यानाचं काय, म्हणून ओशाळले असतील. पण सर मान वर करून म्हणाले, "बाईंना जे सुचलं नाही ते बाइंडरला सुचलं!"

कारखानीस काकूंचं गणित वेगळंच. "म्हणजे बिजू एकच? आणि बरोबर क्रमाने वाचलं तर तिसऱ्या भागात मरतो? छे! आपल्या क्रमाने शेवटी तरी जिवंत असतो. तोच ठेवा!"

जोशी काका हिरमुसले. काकूंनी मात्र टाळी वाजवली. "म्हणजे ती परत गेलीच नव्हती! मी सांगत होते ना, ती तशातली नाही!" त्यांनी असं कधीच सांगितलेलं नव्हतं, पण तेव्हा कोण बोलणार?

टाळीचा हात तसाच ठेवून काकू माझ्याकडे वळल्या. "वर्षा, ती कोपरीची मुलगी..."

सुषमाचं वसईचं सगळं मी यांना आधीच सांगितलं होतं, आणि तेच माझ्याही डोक्यात चाललं होतं. एलोडी नवऱ्याकडे परत गेली नाही, हे सुषमाला ताबडतोब सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर हेही सांगावं लागणार, की ती शाळेतही गेली नव्हती. शाळेत होती ती पंधरा वर्षांची पोर. मोठेपणी गुडघे दुमडून बाकावर बसलेली बाई आमच्या बाइंडरने बनवलेली! त्यातलं अर्धं कसं सांगायचं?

"परीक्षा होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही," जोशी काकू म्हणाल्या.

"आणि ती हळदीला निघून गेली तर?" फडके सर म्हणाले.

चहा गार झाला. मी ठरवलं, घरी जाऊन विचार करू आणि मग काय ते बोलू. पण काय बोलायचं ते मला काही केल्या ठरवता आलं नाही.

*

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सुषमा आली. हातात गाईडांचा गठ्ठा. "कारखानीस काकूंची परत करायची होती. झाला अभ्यास, जेवढा व्हायचा तेवढा." डोळे सुजलेले. घरी काय झालं असेल ते दिसतच होतं. "नणंद येऊन गेली. सकाळी गाडी घेऊन येणार म्हणते."

जोशी काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर मासिक वाचत बसलेल्या, त्यांनी मासिक मिटलं.

नवा सेट काउंटरवरच होता. मी तो झाकायला हात पुढे केला, पण तोवर सुषमाने वरचं पुस्तक उचललं होतं. कव्हरवर दोन वेण्या घातलेली, शाळेचा एप्रन घातलेली मुलगी.

"ही कोण, ताई?"

"एलोडी."

"एवढीशी?"

मग मी सगळं सांगितलं. वाळवी, बाइंडर, नंबर, सगळं. न सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती कव्हरवरच्या मुलीकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे नवऱ्याला सोडल्यावर ती शाळेत गेलीच नाही."

"नाही."

"आणि परत त्याच्याकडे?"

"तिथेही नाही गेली. बाबांच्या घराशी येते, फाटकाची कडी काढते. तिथे संपतं."

"मग पुढे काय झालं तिचं?"

"लिहिलंच नाही गं त्या बाईंनी. कोणालाच माहीत नाही."

सुषमाने पुस्तक सेटवर नीट ठेवलं. चपला घातल्या. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मला माहितेय," ती म्हणाली. "उद्या अकरा वाजता तिचा इंग्लिशचा पेपर आहे."